बुखेनवाल्डच्या कोठडीतील पाळक

(शास्त्राभ्यासाच्या वर्गासाठी. वर्गापूर्वी दानीएलाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय मोठ्याने वाचावा.)

राजाने उभारलेल्या सोन्याच्या मूर्तीस दंडवत घालण्याचे तीन तरुणांनी नाकारले व त्यांस अग्नीच्या भट्टीत टाकण्यात आले, ही कथा आपल्या मंडळ्यांतील मुलांसही ठाऊक आहे. त्या तिघांस देवाने सोडविले. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहो, तीत भट्टीतून सुटका झाली नाही. म्हणूनच ती या अध्यायाबरोबर शिकवावी असे आम्हांस वाटते. सुटका न झाली तरीही आपण नमणार नाही, असे त्या तिघांनी राजास आधीच सांगून ठेवले होते. परंतु हा भाग आपण बहुधा घाईने वाचून पुढे जातो.

१९३३ च्या जानेवारीत जर्मनी देशात हिटलर सत्तेवर आला, आणि मार्च महिन्यातच म्युनिक शहराजवळ डाखाउ येथे छळछावणी उघडण्यात आली. छळछावणी म्हणजे तुरुंग नव्हे, हा भेद उपदेशकांनी प्रथम समजावून द्यावा. तुरुंगात जाणाऱ्यावर आरोप ठेवलेला असतो, त्यास न्यायाधीशापुढे उभे करतात, व त्याच्या शिक्षेला मुदत असते. छावणीत यांपैकी काहीच नसे. पोलिसांचा हुकूम निघाला की माणूस नाहीसा होई. आरंभी राज्यकर्त्यांचे राजकीय विरोधक कोंडले गेले. पुढे यहूदी, जिप्सी, यहोवाचे साक्षीदार व दुसरे पुष्कळ. युद्ध सुरू झाल्यावर तर पोलंड देशात ट्रेब्लिंकासारखी केवळ मारण्यासाठीच बांधलेली ठिकाणे निघाली. आउश्वित्स येथे छावणी व वधस्थान ही दोन्ही होती. त्या काळात सुमारे साठ लाख यहूदी मारले गेले.

बुखेनवाल्डची छावणी १९३७ च्या जुलै महिन्यात वायमार शहराजवळच्या डोंगरावर उभारण्यात आली. वायमार हे जर्मन कवींचे व विद्वानांचे गाव. छावणीच्या दारावर लोखंडी अक्षरांत ‘ज्याचे त्याला’ अशा अर्थाचे शब्द होते, आणि ते आतून वाचता यावे असे बसविलेले होते, म्हणजे कैद्यांना ते रोज दिसावे!

या छावणीत पौल श्नायडर नावाचे एक पाळक आणले गेले. ते मोठे विद्वान किंवा पुढारी नव्हते. १८९७ साली एका पाळकाच्या घरी त्यांचा जन्म झाला, आणि १९३४ पासून डिकेनशीड व वोमराट या दोन खेड्यांतील शेतकऱ्यांची मंडळी ते सांभाळीत होते. त्याच वर्षी एका तरुणाच्या दफनप्रसंगी पक्षाच्या एका अधिकाऱ्याने सांगितले की, हा मुलगा आता पक्षाच्या मृत वीराच्या स्वर्गातील पलटणीत सामील झाला आहे. अशी पलटण स्वर्गात आहे की नाही हे आपणांस ठाऊक नाही, असे श्नायडर यांनी तेथेच कबरेपाशी बोलून दाखविले. एवढ्यावरून त्यांस पहिली अटक झाली.

१९३७ साली ते पुन्हा तुरुंगात गेले, व सुटताना त्यांस त्या प्रांतातून हद्दपार करण्यात आले. परंतु मंडळीने आपणांस बोलाविले आहे, सरकारने नव्हे. मग सरकारच्या हुकुमाने मंडळी कशी सोडावी, असा त्यांचा विचार. ऑक्टोबरात कापणीच्या सणाची उपासना चालविण्यास ते परतले. सकाळची उपासना झाली. संध्याकाळी दुसऱ्या गावी जाताना वाटेत त्यांस पकडले. नोव्हेंबरात त्यांची रवानगी बुखेनवाल्डला झाली. हद्दपारीचा हुकूम पाळीन अशी सही त्यांनी केली असती, तर ते घरी आले असते. घरी पत्नी व सहा मुले होती.

२० एप्रिल १९३८ रोजी, हिटलरच्या वाढदिवशी, सर्व कैद्यांनी नात्सी ध्वजासमोर टोप्या काढाव्या असा हुकूम झाला. श्नायडर यांनी टोपी काढली नाही. (त्या ध्वजावरील चिन्हास जर्मन लोक आकडेदार क्रूस म्हणत. आपल्या शेजाऱ्यांच्या उंबरठ्यावरील स्वस्तिकाशी नात्सींच्या करणीचा संबंध कोणीही लावू नये.) त्यांस फटके मारून दाराजवळच्या अंधारकोठडीत टाकले. कोठडीची खिडकी हजेरीच्या मैदानाकडे होती. हजेरीच्या वेळी ते गजांपाशी येऊन देवाचे वचन मोठ्याने बोलत व कैद्यांचे खून कोण करतो हेही सांगत. दोनचार वाक्ये होतात तोच शिपाई आत शिरून मारहाण करीत. असे वर्षाहून अधिक चालले. १८ जुलै १९३९ रोजी छावणीच्या डॉक्टराने विषारी मात्रेची सुई टोचून त्यांस ठार केले. पत्नी मार्गारेटे प्रेत नेण्यास आल्या, तेव्हा त्यांस मोहोरबंद पेटी मिळाली. डिकेनशीडच्या दफनास, गुप्त पोलिसांची नजर असतानाही, मोठा जनसमुदाय व पुष्कळ पाळक जमले.

येथे थांबून ‘पाहा, ख्रिस्ती लोक कसे धीट!’ असे म्हणण्याचा मोह होईल, तो आवरावा. बहुतेक पाळकांनी असे काही केले नाही. कित्येकांनी आनंदाने सलाम केले. १९३८ च्या नोव्हेंबरात सुमारे दहा हजार यहूदी पुरुष याच छावणीत आणले गेले. यहूद्यांची सभास्थाने जळाली, तेव्हा मंडळ्या बहुतेक गप्पच राहिल्या. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मन मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी श्टुटगार्ट येथे आपला दोष कबूल केला. पण त्या पत्रात यहूद्यांचे नाव सुद्धा नाही. ते कबूल करण्यास १९५० साल उजाडले.

११ एप्रिल १९४५ रोजी छावणी मुक्त झाली, तोवर तेथे सुमारे छप्पन्न हजार माणसे मेली होती. काही दिवसांनी अमेरिकन सेनापतीने वायमारच्या नागरिकांस डोंगरावर चालवीत नेऊन सर्व दाखविले. आम्हांस काहीच ठाऊक नव्हते, असे पुष्कळ जण म्हणाले.

स्मरणाची गोष्टही सरळ नाही. रशियन अधिकाऱ्यांनी १९४५ ते १९५० त्याच जागी आपली छावणी चालविली, व तीत सुमारे सात हजार माणसे मेली. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५८ साली मोठे स्मारक उभारले. त्यात कम्युनिस्ट वीरांचा गौरव होता, परंतु या सात हजारांविषयी बोलण्यास बंदी होती. जर्मनी एक झाल्यावरच हे उघड मांडता आले. १९९५ साली हजेरीच्या मैदानात धातूची एक पाटी जमिनीत बसविण्यात आली. तीवर मेलेल्यांच्या देशांची व लोकसमूहांची नावे आहेत, आणि ती बारा महिने ३७ अंशांवर, म्हणजे जिवंत माणसाच्या अंगाइतकी, गरम ठेवतात. येणारे लोक वाकून तिला हात लावतात.

मार्गारेटेबाई २००२ साली, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन वारल्या. वर्गात एवढेच विचारावे : त्यांच्या जागी आपण असतो, तर नवऱ्यास सही करण्यास सांगितले असते काय? उत्तराची घाई करू नये, आणि स्त्रियांस आधी बोलू द्यावे.