दुसऱ्या प्रोग्रॅममधून एक्लिप्स ॲप्लिकेशन सुरू करताना

प्रश्न : एक्लिप्स आरसीपीवर बांधलेलं आमचं ॲप्लिकेशन दुसऱ्या जावा प्रोग्रॅममधून सुरू करायचं आहे. सगळ्या जार फाइल क्लासपाथवर टाकल्या, तरी ते उभंच राहत नाही. एखादी जार राहिली असेल का?

उत्तर : अडचण बहुधा जारची नसून रचनेची आहे आणि ती सुटण्यासारखी आहे. 2004 मधल्या एक्लिप्स 3.0 पासून या प्लॅटफॉर्मचा पाया ओएसजीआय हे मॉड्यूल-फ्रेमवर्क आहे. त्यात प्रत्येक प्लगइनला स्वतंत्र क्लासलोडर मिळतो. कोणाला कोणाची पॅकेजेस दिसावीत, हे मॅनिफेस्ट फाइल ठरवते. नुसत्या क्लासपाथवर हे फ्रेमवर्क सुरूच होत नाही, त्यामुळे प्लगइनच्या नोंदी कोणी वाचत नाही.

सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे प्रोसेसबिल्डर वापरून ॲप्लिकेशनची एक्झिक्युटेबल फाइल वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणे. तिचे आउटपुट मात्र सतत वाचत राहावे किंवा फाइलकडे वळवावे. बफर भरला की ॲप्लिकेशन गोठल्यासारखे थांबते. वर्कस्पेसही वेगळा द्यावा, कारण एका वर्कस्पेसवर एका वेळी एकच प्रत कुलूप लावू शकते.

दोन्ही बाजूंना एकमेकांचे ऑब्जेक्ट हवे असतील, तरच एकाच जेव्हीएममध्ये फ्रेमवर्कफॅक्टरीद्वारे ओएसजीआय सुरू करावे. सामायिक पॅकेजेस सिस्टिम बंडलमधून द्यावी लागतात. नाहीतर एकाच नावाचे क्लास दोन क्लासलोडरांतून येऊन परस्परांना परके ठरतात. इक्विनॉक्स, म्हणजे एक्लिप्समधले ओएसजीआय, सुरू करणाऱ्या लाँचरची मेन मेथड थेट बोलावू नये. ती शेवटी जेव्हीएमच बंद करते, आणि यजमान प्रोग्रॅमही त्यासोबत बंद पडतो.