कुलूपबंद घराची सजावट

एप्रिलच्या अखेरीस खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातील कोणत्याही गावात जा, कुठल्या ना कुठल्या घरातून सुताराच्या कटरचा आवाज ऐकू येतो. आखातातून चाळीस दिवसांच्या रजेवर आलेले गृहस्थ अंगणात उभे राहून टाइल्स उतरवून घेत असतात. दावतीची तारीख ठरलेली असते, परतीचे तिकीट काढलेले असते आणि मिस्त्री रोज "उद्या होऊन जाईल" असे सांगत असतो. शेवटी घर तयार होते, पाहुणे येतात, फोटो निघतात. मग दाराला कुलूप लागते आणि आठ-दहा दिवसांत पाऊस सुरू होतो.

सजावटीवर जे लिहिले जाते ते बहुधा रोज वापरात असलेल्या घरासाठी असते. वर्षातले दहा-अकरा महिने बंद राहणाऱ्या घराचा विचार त्यात नसतो. कोकणातील आपली कितीतरी घरे या दुसऱ्या प्रकारची आहेत, आणि परदेशातील कष्टाच्या कमाईचा मोठा वाटा याच घरांत जातो. म्हणून या वेळी आम्ही त्यांचाच हिशेब मांडत आहोत.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी अशाच एका रजेत दिवाणखाना सजवून घेतला. टीव्हीमागच्या भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांचे एमडीएफ पॅनेल, वर पीओपीचे छत आणि त्यात लपवलेले दिवे, रेक्झिनचा मोठा सोफा, दोन्ही खोल्यांत भिंतीत बसवलेली कपाटे. पुढच्या वर्षी कुलूप उघडले तेव्हा पॅनेल खालून एक फूट फुगले होते, कपाटातील कपड्यांवर काळे-हिरवे ठिपके होते, सोफ्याची साल निघत होती आणि छताचा एक कोपरा खाली आला होता. त्यांच्या वृद्ध आई एवढेच म्हणाल्या, "जुन्या घरात कपड्यांना बुरशी कधी आली नव्हती रे."

आईंचे बोलणे नुसती जुन्याची ओढ समजून सोडून देण्यासारखे नाही. जुन्या कोकणी घरात कौलांच्या फटींतून हवा खेळत असे. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये जागा मोकळी असे, खिडक्यांना झिलमिल असे, भिंतींवर चुना असे. घर बंद केले तरी ते श्वास घेत राही. आज आपण स्लॅब घालतो, सरकत्या काचेच्या खिडक्या बसवतो, फट राहू देत नाही. एसी लावून घरात राहणार असू तर हे ठीक आहे. आपण जी सजावट दुबई-कुवेतमध्ये पाहतो ती तशाच घरांसाठी केलेली असते. तिकडे वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उन्हाळ्यात किनाऱ्यावरची हवा तिथेही दमट होते, परंतु एसीमुळे घर आतून कोरडे राहते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत आपले घर बंद असते आणि पंखासुद्धा फिरत नाही. तेच सामान, तोच कारागीर, तरी निकाल वेगळा लागतो तो यामुळे.

म्हणून पहिला खर्च पाण्याचा. गच्चीचा उतार, पन्हळीचे पाइप, खिडकीवरचे छज्जे, न्हाणीघराचे सांधे आणि जोत्याजवळची माती हे सर्व पाहून झाल्याशिवाय रंगाच्या दुकानाची पायरी चढू नये. आपल्याकडचा जांभा चिरा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो. घराभोवती पावसाचे पाणी साचले तर ते चिऱ्यातून आत चढते आणि भिंतीला खालून दोन-तीन फूट ओल येते. अशा भिंतीवर महागातला प्लास्टिक पेंट दिला तर ओल आत कोंडते, रंगाला फोड येतात आणि लोणा लागतो. मग रंग वाईट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण होते. बिचाऱ्या रंगाचा त्यात काही दोष नसतो.

भिंतीत ओल आहे की नाही हे पाहण्याचा एक बिनखर्चाचा उपाय आहे. दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा चौकोनी तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या हवेतील आहे. पहिल्याचा इलाज गवंड्याकडे आहे, दुसऱ्याचा वारा खेळवण्यात.

घाईचा मुद्दा इथेच येतो. एप्रिलमध्ये गिलावा, मेमध्ये पुट्टी आणि रंग, जूनमध्ये कुलूप हा क्रम आम्हांला सर्वांत महाग वाटतो. नव्या गिलाव्यातले पाणी निघून जायला अवधी लागतो. आमची सूचना अशी की एका रजेत गवंडीकाम, नळकाम आणि वायरिंग पुरे करावे, आतून नुसता पांढरा चुना मारावा आणि एक पावसाळा घरावरून जाऊ द्यावा. ओल कुठे येते ते घर स्वतःच दाखवते. रंग आणि लाकूडकाम पुढच्या थंडीत करावे. शक्य असेल त्यांनी रजाच नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावी. भिंती सुकलेल्या असतात, लाकूडही फुगलेले नसते, आणि मेच्या घाईच्या मानाने कारागीर निवांत भेटतो. लोक विचारतील, "दावत चुन्याच्या भिंतींत करायची काय?" करावी. पाहुणे जेवायला येतात.

आता लाकूडकाम. यातच सर्वांत जास्त पैसा जातो आणि सर्वांत जास्त फसगतही इथेच होते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. कपाटाचा भाव सुतार समोरच्या चौरस फुटावर सांगतात. समजा कपाट 7 फूट उंच, 6 फूट रुंद आणि 2 फूट खोल आहे. समोरून ते 42 चौरस फूट भरते. आत मात्र दोन बाजूंना 28, मधल्या उभ्या फळीला 14, वर-खाली मिळून 24, दोन्ही खणांतल्या आठ आडव्या फळ्यांना 48 आणि दारांना 42, असे एकूण 156 चौरस फूट जाड प्लाय लागते. पाठीमागचे पातळ प्लाय वेगळे. म्हणजे समोरचा एक फूट हा आतला पावणेचार फूट असतो. 8 बाय 4 चे एक शीट 32 फुटांचे, तेव्हा कापण्यात जाणारे धरून सहा शीट्स मागवावी लागतात.

हा हिशेब घरमालकाने स्वतः एकदा कागदावर करावा. कारण भावात दिलेली सूट बहुधा या न दिसणाऱ्या प्लायमधून वसूल होते. हलके प्लाय आणि वरून चकचकीत सनमायका अशी जोडी लावली तर दोन वर्षे कोणाला कळत नाही. उलट बाजूने पाहा. साधे प्लाय आणि मरीन प्लाय यांच्या भावात फुटामागे 30 रुपयांचा फरक आहे असे धरले तर सहा शीट्सच्या 192 फुटांना 5,760 रुपये जास्त पडतील. नक्की फरक किती ते आपल्या गावच्या दुकानात विचारावे. एवढ्या रकमेसाठी कपाट जुगारावर लावायचे का, हे मालकाने ठरवायचे आहे.

प्लाय ओळखायचे कसे? साध्या वापराच्या प्लायला आयएस 303 हा क्रमांक असतो, मरीन प्लायला आयएस 710. शीटवर आयएसआयची खूण आणि तिच्याजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असला पाहिजे. "वॉटरप्रूफ" हा नुसता शिक्का म्हणजे काही प्रमाण नव्हे. मरीन प्लायचा तुकडा प्रयोगशाळेत 72 तास उकळून पाहतात. आपण घरी तीन इंचांचा तुकडा पातेल्यात चार-पाच तास उकळला तरी पुष्कळ कळते. थर सुटले तर माल परत करावा. चांगला दुकानदार यासाठी तुकडा द्यायला नाही म्हणत नाही.

सगळीकडे मरीनच हवे असेही नाही. स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि कपाटांचा तळ इथे ते अवश्य वापरावे. सिंकखाली डब्ल्यूपीसीचा बोर्ड चांगला. त्याला पाणी आणि वाळवी लागत नाही, मात्र लांब फळीला तो वजनाने वाकतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड बंद घरात नकोच. समुद्रकाठच्या गावात बिजागऱ्या आणि चॅनल 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साधे लोखंड खाऱ्या हवेत गंजते.

कपाट भिंतीला चिकटवू नये. मागे निदान एक इंच जागा सोडावी, खाली चार इंचांचे पाय द्यावेत आणि दारांना वर-खाली झिलमिल किंवा भोके ठेवावीत. आमच्या त्या गृहस्थांच्या घरी काम करणारे उस्ताद उत्तर प्रदेशातले, वयस्कर माणूस. त्यांनी नकाशा पाहूनच विचारले होते, "सेठ, इसमें हवा कहाँ से जाएगी?" त्यांचे ऐकले नाही, कारण मोबाइलवरच्या फोटोत भोके नव्हती.

छताविषयी थोडक्यात. पीओपी हे जिप्समपासून बनते आणि भिजले की त्याचा जोर जातो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा अनेक घरांची कौले आणि पत्रे उडाले. पत्र्याच्या किंवा कौलांच्या घराखाली अशी नाजूक छते करण्यापूर्वी तो दिवस आठवावा. शिवाय खोटे छत खोलीची उंची कमी करते आणि स्लॅब गळतो आहे हे लपवून ठेवते. एलईडी दिवे आता साध्या पट्टीतही सुरेख मिळतात, त्यासाठी छत खाली आणण्याची गरज नाही. चिपळूणसारख्या पुराच्या जागी, जिथे जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले, तळमजल्यावर भिंतीत बसवलेले लाकूडकाम करूच नये. उचलून वर नेता येईल असे सामान ठेवावे.

रेक्झिनचा सोफा दमट हवेत टिकत नाही. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर आर्द्रतेने सुटत जातो, माणूस त्यावर बसो वा न बसो. लाकडी बैठक आणि धुता येणारी खोळ घातलेल्या गाद्या केव्हाही बऱ्या. रजा संपली की खोळी धुऊन, वाळवून ठेवता येतात. फरशीत संगमरवराचा मोह मोठा असतो. त्यावर कोकम, लिंबू, चिंच सांडली की डाग नुसता पुसून जात नाही, आंबट पदार्थ दगडच खातात. कोकमाच्या प्रदेशात स्वयंपाकघराला ग्रॅनाइटचा ओटा आणि व्हिट्रीफाइड फरशी पुरे. न्हाणीघरात आणि वजूच्या जागी मात्र खरखरीत फरशीच घालावी. घरात वृद्ध माणसे असतात, आणि चकचकीत फरशीवर साबणाच्या पाण्यात घसरून पडले की हाड मोडायला क्षण लागतो.

कराराविषयी एक सूचना. तोंडी बोलणे झाले तरी एका कागदावर प्लायचा क्रमांक, जाडी, शीट्सची संख्या, बिजागरीची प्रत आणि मोजणी समोरून की प्रत्यक्ष, हे लिहून दोघांनी सही करावी. साहित्याची बिले घरमालकाच्या नावाने घ्यावीत. कारागिराची मजुरी वेळच्या वेळी द्यावी, ती अडवू नये. परंतु ठेकेदाराची दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवावे. कामाची खात्री असलेला ठेकेदार याला तयार होतो, असे आमचे निरीक्षण आहे.

आणि गावातील तरुणांसाठी यात एक धंदाही आहे. आठवड्यातून एकदा बंद घर उघडणे, खिडक्या आणि कपाटे मोकळी करणे, दोन-तीन तास पंखे चालवणे, पन्हळीतला पाला काढणे, वाळवीची माती दिसते का पाहणे आणि मालकाला फोटो पाठवणे. एका वाडीत अशी दहा-पंधरा घरे सहज सापडतात. भांडवल म्हणाल तर शिडी, झाडू आणि लोकांचा विश्वास. विश्वासाचे भांडवल जमवायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात नात्यातल्या दोन घरांपासून करावी.

आमच्या परिचयाच्या त्या गृहस्थांनी फुगलेले पॅनेल काढून टाकले. ज्यांचे ऐकले नव्हते त्याच उस्तादांना बोलावून कपाटांच्या दारांना झिलमिल बसवून घेतली. शेजारचा मुलगा आता दर शुक्रवारी दुपारी घर उघडतो. दिवाणखान्याच्या भिंतीला सध्या चुना आहे; रंग नोव्हेंबरात द्यायचा, तोवर गच्चीचा उतार करून घ्यायचा, असे त्यांनी ठरवले आहे.