कोर्टाचे शब्द समजून घ्या

डिलाईल रोडवर कापडाचा धंदा करताना आम्ही पाहतो की उधारी अडकली तरी व्यापारी बांधव कोर्टाच्या नावाने घाबरतात आणि मुदत निघून जाते. वास्तविक वकील, दावा, जामीन, मुदत हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. आपल्याला परके नाहीत.

पैशांच्या वसुलीचा दावा दिवाणी. दावा लावणारा वादी, समोरचा प्रतिवादी. उधारीच्या दाव्याची मुदत साधारणतः 3 वर्षे. समन्स मिळूनही हजर न राहिल्यास निकाल एकतर्फी होऊ शकतो. हुकूमनामा मिळाला म्हणजे रक्कम मिळाली असे नव्हे. वसुलीसाठी 12 वर्षांच्या आत दरखास्त द्यावी लागते.

खात्यात पैसे नसल्याने चेक परत आला, तर कलम 138 खाली फौजदारी फिर्याद करता येते. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला 15 दिवस. तरीही पैसे न आल्यास त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याचा आदेश आहे. बिल, चलन आणि माल पोचल्याची सही जपून ठेवावी. कोर्टात तोच पुरावा.