आधी एक वर्ष, मग कॅमेरा

बारावीचा निकाल लागला की जळगावातल्या माझ्या छोट्या कार्यालयात दोन-तीन आठवडे बसायला जागा नसते. नीटमध्ये कमी गुण पडले, सीईटीत पर्सेंटाइल घसरला, पुण्याला पाठवू की नाशिकला, पोलीस भरतीची अकादमी लावू का? या प्रश्नांची उत्तरं मी झोपेतही देऊ शकेन. गेल्या काही मोसमांत मात्र एक नवा प्रश्न दारात येऊन उभा राहतो आहे. मुलगा भिंतीला टेकून मोबाइलमध्ये मान घालून असतो. वडील खुर्चीच्या कडेवर बसतात आणि हळू आवाजात सांगतात, ‘‘सर, पोऱ्या ऐकस नई. दोन लाखांचा कॅमेरा मागतोय. कापूस विकून देऊ, का हप्ते करू?’’

माझं उत्तर दरवर्षी तेच असतं. कापूस विकून देऊ नका आणि हप्तेही करू नका.

मुलाचा चेहरा पडतो. त्याच्या डोळ्यांसमोर प्री-वेडिंगचे व्हिडिओ असतात, लळिंगच्या किल्ल्यावर ड्रोन फिरवणारा मित्राचा मित्र असतो, एका लग्नाचे अमुक हजार घेतले ही ऐकीव गोष्ट असते. लग्नाचे फोटो काढणं हा कष्टाचा आणि मानाचा धंदा आहे. त्यावर घर उभं केलेली माणसं मी धुळ्यात, अमळनेरात, पाचोऱ्यात पाहिली आहेत. पण त्यांना विचारून बघा, ती पहिली कित्येक वर्षं कुणाच्या तरी हाताखाली राबलेली असतात. वऱ्हाडासोबत पहाटेपर्यंत जागलेली, बॅटऱ्या वाहिलेली, अल्बमची पानं जुळवलेली. हप्ता बारा महिने येतो आणि मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होऊन पावसाळ्यापाशी थांबतात, मधले काही आठवडे कोरडे जातात ते वेगळेच. एका मुहूर्तावर दहा लग्नं असली तरी तुम्ही एकाच मांडवात उभे राहू शकता. शिवाय गावात आता चार जणांकडे तोच कॅमेरा आणि तोच ड्रोन आहे, त्यामुळे दर खाली येतो. अठरा वर्षांच्या मुलाने कर्ज काढून या रांगेत शेवटी उभं राहू नये. एक लग्नसराई जाणत्या माणसाच्या हाताखाली काढावी, गरज पडली तर कॅमेरा भाड्याने आणावा. एवढ्याने हौस आहे की कल आहे, हे निम्मं कळतं.

अभ्यासक्रमांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर तासभर वाया घालवण्यासारखं काही नाही. बारावीनंतर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी आहे. तिच्यासाठी राज्याची एएसी सीईटी द्यावी लागते. मुंबईचं जे.जे. सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्याच रावेर तालुक्यात खिरोद्याचं सप्तपुट ललित कला भवन आहे, हे जळगावच्या पालकांनाही सांगावं लागतं. अहमदाबादच्या एनआयडीचं फोटोग्राफी डिझाइन, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं छायालेखन, दिल्लीच्या जामिया मिलियाचा स्थिरचित्रणाचा पदविका अभ्यासक्रम ही मोठी दारं पदवीनंतर उघडतात. हे वाक्य पुन्हा वाचा. पदवीनंतर. म्हणजे तुमच्या मुलाकडे आज तीन-चार वर्षं मोकळी आहेत. त्याने बी.ए. करावं, बी.एस्सी. करावं, शेतीची पदवी घ्यावी. गौतम राजाध्यक्ष मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये रसायनशास्त्र शिकवत होते, मग जाहिरात क्षेत्रात गेले आणि त्यानंतर त्यांच्या कॅमेऱ्यातून मराठी-हिंदी कलावंतांचे ते चेहरे उतरले. विज्ञानाच्या पदवीने कुणाचा डोळा अधू होत नाही. बारावीच्या मुलाला काही लाख घेऊन सहा महिन्यांत ‘प्रोफेशनल’ करून देतो म्हणणाऱ्या खासगी वर्गांना मात्र घरचे पैसे देऊ नका.

त्या तीन-चार वर्षांत करायचं काय, याचं उत्तर या पोरांना कुणी देत नाही, म्हणून आज मी त्यावरच बोलणार आहे. एक मालिका करायची. विषय एकच, जागा ओळखीची, किमान एक वर्ष, आणि हातात आहे तोच मोबाइल.

मालिका म्हणजे तीस सुंदर फोटो नव्हेत. सूर्यास्त, म्हातारबाबाच्या सुरकुत्या, पावसातली छत्री यांना एकत्र ठेवलं म्हणून मालिका होत नाही. एकाच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा गेल्यावर ती हळूहळू जे दाखवते, ते म्हणजे मालिका. कणकवलीचे इंद्रजित खांबे बघा. फोटोग्राफी स्वतःची स्वतः शिकलेला हा माणूस सिंधुदुर्गातच राहिला आणि गावोगावच्या जत्रांतल्या दशावतारी कलावंतांमागे वर्षानुवर्षं फिरला. रंगमंचावरचा राजा कुणीही टिपेल. राजा मुकुट उतरवून घरी जातो तेव्हा त्याच्या अंगणात कोण असतं, हे कळायला त्याच्या घरी चहा प्यावा लागतो. पुढे कोल्हापूरच्या तालमींतले पैलवान त्यांनी टिपले ते आयफोनवर. अकोल्याचे सुधारक ओलवे मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार होते. तिथल्या महापालिकेच्या सफाई कामगारांसोबत ते गटारांपाशी, कचऱ्याच्या गाड्यांवर आणि त्यांच्या घरांत कित्येक वर्षं गेले. कृष्णधवल फोटोंची ती मालिका पाहिल्यावर कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवताना हात थबकतो. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांसोबत गावं पालथी घातली, वारीबरोबर चालले, आणि दोन्हींची पुस्तकं झाली.

आणि आपण खानदेशात बसून म्हणतो, इथे काय आहे?

भुसावळात एक कबर आहे, मेजर रॉबर्ट गिल याची. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला पाठवलं. त्या कामात त्याने जवळजवळ दोन दशकं घालवली. ती मोठमोठी तैलचित्रं लंडनला गेली आणि त्यातली बहुतेक १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पण मधल्या काळात त्याने कॅमेरा हातात घेतला होता. लेण्यांची त्याने काढलेली छायाचित्रं १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने आली होती, ती राहिली. १८७९ साली तो गेला आणि भुसावळच्या मातीत विसावला. जळगाव स्टेशनवर उतरून अजिंठ्याला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

दुसरे चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस, सगळ्यांचे बाबूजी. जन्म १९१२ चा, मुंबईचा. घरच्यांना वाटत होतं की त्यांनी चाळीसगावचा धंदा सांभाळावा. त्यांना कला हवी होती. इंग्लंडला शिकून आले आणि मग रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात असे राहिले की पुढची जवळजवळ पन्नास वर्षं क्वचितच बाहेर पडले. १९८९ च्या ३१ डिसेंबरला त्याच घरात गेले. त्यांच्या एकांताच्या आणि प्रेमाच्या कहाण्या लोक चवीने सांगतात. मला त्या कहाण्यांपेक्षा त्यांचं टेबल महत्त्वाचं वाटतं. टेबलावर घरातल्याच वस्तू मांडून, उजेड हवा तसा वळवून ते अशी निसर्गदृश्यं उभी करत की ती टेबलावर घडली आहेत हे सांगितल्याशिवाय कळू नये. त्यांच्यासारखं कोंडून घ्या असं मी कुठल्याही मुलाला सांगणार नाही. पण ‘आमच्या गावात फोटो काढण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी चाळीसगावला पाठवतो. त्यांचं कलादालन आजही तिथे आहे. धुळ्याहून तर थेट रेल्वे आहे.

मागे केळीच्या पट्ट्यातली एक मुलगी आली होती, आईसोबत. तिला कॅमेरा नको होता, तिला फक्त विचारायचं होतं की हे ‘काही’ आहे का. मोबाइलमध्ये शर्टांचे फोटो होते. वडील केळीचे घड खांद्यावरून ट्रकपर्यंत वाहतात. केळीचा चीक कापडाला लागला की काळपट डाग पडतो आणि तो कुठल्याच साबणाने निघत नाही. वाळत घातलेला तोच तो शर्ट तिने महिनोन्‌महिने टिपला होता. डाव्या खांद्यावरचा डाग दर फोटोत थोडा मोठा. मग दुसरा शर्ट. मग वडिलांचा उघडा खांदा. मी बराच वेळ काही बोललो नाही. आई म्हणाली, ‘‘हिचे पप्पा चिडले सर. घाणेरडे कपडे लोकांना काय दाखवते म्हणे.’’

मी तिला सांगितलं, फोटो छापून घे आणि पप्पांसमोर ठेव, एकही शब्द बोलू नकोस. पुढच्या वेळी आली तेव्हा प्रत्येक फोटोमागे पेन्सिलने लिहिलेलं होतं. हा कुणाच्या बागेतला, त्या दिवशी काय भाव होता, कुठला ट्रक आला नाही म्हणून घड उन्हात पडून राहिले. सगळं वडिलांनी सांगितलं होतं. डागांची मालिका होती, तिला आता आवाज आला होता.

ही मुलगी माझ्याकडे दोन लाख मागायला आली नाही, आणि तिच्या घरी ते कुणी देऊही केले नसते. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मुलाने हट्ट धरला तर कापूस विकायला निघणारे बाप मुलीच्या बाबतीत ‘लग्नानंतर कर काय करायचं ते’ म्हणून मोकळे होतात. मुलींनी एकट्याने शिवारात, बाजारात फिरणं तुम्हाला चालत नसेल, तर तुम्ही सोबत जा. पण तिची नजर विझवू नका. घरात राहूनही मालिका होते. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा सुरत, नाशिक, पुण्याला पांगलेले भाऊबंद रोटांसाठी घरी येतात. अमेरिकेतल्या निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून दरवर्षी आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी यांचा एक फोटो काढला, नेहमी त्याच क्रमाने उभ्या करून. चाळीसहून अधिक वर्षं. चार बायका फक्त उभ्या आहेत आणि सगळं आयुष्य समोरून जातं. तुमच्या घरातली कानबाईसमोरची ओळ दर श्रावणात अशी टिपली तर दहाव्या वर्षी काय दिसेल? कोण आलं नाही, कोण थकलं, कुणाच्या कडेवर नवं मूल आहे.

बाकी विषय शोधायला लांब जाऊ नका. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होताना हवेत उडणारा कापूस आणि त्यात तोंडाला फडकं बांधून उभ्या असलेल्या बाया. भुसावळ यार्डातल्या रेल्वे कुटुंबांची क्वार्टर्स. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचं मागे राहिलेलं कुलूपबंद घर. पांझरेचं पात्र, पावसाळ्यात आणि मे महिन्यात. खानदेशी तमाशाच्या फडातला सोंगाड्या, दुपारी झोपलेला.

एक कडक सूचना. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, तेव्हा शहरातली पोरं गाड्या भरून जातात आणि नटलेल्या पावरा-भिल्ल मुलींच्या तोंडाशी लेन्स नेतात. विचारत नाहीत, नाव ठाऊक नसतं, फोटो परत नेऊन देत नाहीत. माझ्याकडे असे फोटो घेऊन येऊ नका, मी बघणार नाही. ज्याचा फोटो काढला त्याला त्याची छापील प्रत द्यायची, लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारायचं, आणि कुणी ‘नको’ म्हटलं की कॅमेरा खाली. मालिकेतला अर्धा वेळ फोटो न काढता बसण्यात जातो. ज्याला ते जमत नाही त्याने हे क्षेत्र निवडू नये.

पैशाचंही स्पष्ट बोलू. अशी मालिका पोट भरत नाही, निदान बरीच वर्षं नाही. पोटासाठी दुसरं काम लागतं आणि ते आपल्याकडे आहे. जळगावच्या सराफ बाजाराला दागिन्यांचे चोख फोटो लागतात. सोन्यावरची चमक न फाटता टिपणं हे कसब आहे आणि त्याला मुहूर्त लागत नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांत जुनी कागदपत्रं, पोथ्या आहेत. जीर्ण कागद न दुखावता त्याचं छायांकन करणाऱ्या हातांची गरज अशा सगळ्या संग्रहांना आहे. ग्रामीण भारतावर काम करणारं ‘पारी’ हे संकेतस्थळ २०१४ पासून फोटोसह दीर्घ वृत्तान्त छापतं, मराठीतही, आणि विद्यार्थ्यांच्या कामालाही तिथे जागा असते. आठवड्याचे पाच दिवस सोन्याचे फोटो काढून रविवारी जिनिंगमध्ये जाणारा मुलगा मला कर्जबाजारी ड्रोनवाल्यापेक्षा सुरक्षित वाटतो.

पालकांनो, तुम्ही दोन टोकांना उभे राहता. एक तर कॅमेरा घेऊन देता आणि दुसऱ्या महिन्यापासून ‘किती कमावले’ विचारता, नाही तर ‘छंद म्हणून कर’ असं सांगून विषय मिटवता. दोन्हींत तुम्ही मुलाचं काम एकदाही बघितलेलं नसतं. मी विचारतो, ‘‘याने काढलेला कुठला फोटो तुम्हाला आठवतो?’’ आणि खोलीत शांतता पसरते. पोरगा वर बघतो. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते मला कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगतं. त्याला अनेकदा कॅमेरा नको असतो, त्याला तुम्ही बघायला हवे असता.

म्हणून यंदा येणाऱ्यांना सांगून ठेवतो. फोटोग्राफीसाठी भेटायचं असेल तर मोबाइलची गॅलरी दाखवायला येऊ नका. एका विषयावरचे वीस फोटो पोस्टकार्डाएवढे छापून आणा. मागे तारीख, ठिकाण आणि दोन ओळी, मराठीत किंवा अहिराणीत. ते माझ्या टेबलावर मांडायचे, क्रम मुलाने ठरवायचा. वडिलांनी किंवा आईने सोबत यायचं. आणि फोटो आधी त्यांनी बघायचे, मी नंतर बघेन.