सोनं खरं निघालं, मग?

घराचा पाया खोदताना हंडा लागला, आत जुन्या गिन्न्या आहेत, त्यांवर परदेशी राजाचं तोंड आहे, बोभाटा नको म्हणून स्वस्तात देतोय. एवढ्या बोलण्यावर खामगावकडच्या भागात लोकांचे लाखो रुपये गेल्याच्या बातम्या बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला नव्या नाहीत. फसणारा माणूस बावळट असतो, असं आपण लगेच म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. तो बहुधा सावधच असतो. नमुन्याचं नाणं मागून घेतो, सराफाकडे नेतो. सराफ ते कसोटीच्या दगडावर घासून तेजाब लावतो किंवा कॅरेट मशीनखाली धरतो आणि सोनं अस्सल निघतं. निघणारच, कारण नमुना अस्सल सोन्याचाच दिलेला असतो. किलोभर पितळ मागाहून येतं. तपासणी झाली, पण धातूची झाली. नाण्याला कुणी काही विचारलंच नाही. ज्या जिल्ह्यातलं खामगाव चांदीच्या चोखपणासाठी देशभर ओळखलं जातं, तिथे धातूची पारख हीच सगळी पारख वाटावी, हे साहजिक आहे. माझं म्हणणं एवढंच, की ‘रोमन’ म्हणून समोर आलेल्या नाण्याबाबत सोन्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा.

पहिला प्रश्न जागेचा. रोमन सोन्याचं नाणं, म्हणजे ऑरियस, भारतात भरपूर सापडलं आहे, पण सगळीकडे नाही. मोठे साठे दक्षिणेतले. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईला १८९८ साली एकाच जागी ५०१ ऑरियस मिळाले आणि त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा आडवा घाव घातलेला होता. महाराष्ट्रात असे साठे विरळ. सोलापूर जिल्ह्यातल्या दारफळचा एकोणिसाव्या शतकातला साठा हे ठळक उदाहरण. म्हणून घाटाखालच्या एखाद्या गावात रोमन सोन्याचा भरलेला हंडा निघाला, असं कुणी सांगू लागला, तर ते अशक्य नसलं तरी आजवर जे माहीत आहे त्याच्या विरुद्ध जाणारं आहे. तेव्हा पुरावा देण्याचं ओझं सांगणाऱ्यावर, ऐकणाऱ्यावर नव्हे.

यावर जाणकार वाचक दोन हरकती घेईल. पहिली ही, की संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोनला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, विटांचा स्तूप निघाला. सातवाहन काळात जिथे एवढी वस्ती होती तिथे परदेशी सोनं का आलं नसेल? दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. आलेलं सोनं सोनारांनी वितळवलं असेल, मग सापडलं नाही म्हणजे नव्हतंच असं कसं म्हणायचं? दोन्ही बरोबर आहेत. पैठण आणि तेरहून माल भडोचला जात असे आणि त्या बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी उतरत, हे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथातच नोंदलेलं आहे. सातवाहनांचा स्वतःचा व्यवहार शिसं, तांबं, पोटीन नावाचा मिश्रधातू आणि काही चांदी यांत चाले; परदेशी सोनं नाणं म्हणून फिरण्यापेक्षा मुशीत गेलं असण्याचा संभव मोठा. पण ही दुसरी हरकत शेवटी माझ्याच बाजूला येते. जर बहुतेक सोनं वितळलं, तर शाबूत उरलेलं नाणं अधिकच दुर्मिळ, आणि हंडाभर नाणी अगदी विरळा. शिवाय भोन हे मोजून-मापून खणलेलं स्थळ आहे. तिथल्या वस्तूला थर असतो, नोंद असते. पोत्यातून निघालेल्या गिन्नीला भोनची पुण्याई उसनी देता येत नाही.

आता नाणं हातात घेऊ. आपल्याकडे ‘रोमन’ म्हणून दाखवलं जाणारं खरं सोन्याचं नाणं पुष्कळदा आजीच्या डब्यातली गिन्नी असते, म्हणजे इंग्रजांचा सॉव्हरिन. गफलत सहज होते, कारण लॅटिन अक्षरं आहेत, राजाचं एका बाजूने दिसणारं तोंड आहे आणि मागे शिरस्त्राण घातलेला, जवळजवळ उघडा घोडेस्वार भाल्या-तलवारीने अजगर मारतो आहे. हा संत जॉर्ज या नाण्यावर १८१७ साली आला. वजनही फसवं: गिन्नी ७.९८ ग्रॅम, ऑगस्टसच्या काळचा ऑरियस साधारण ७.८. पण गिन्नी २२ मिलिमीटर रुंद आणि पातळ, ऑरियस १९-२० मिलिमीटरचा आणि जाडजूड. गिन्नीला उचललेली कड असते, काठावर बारीक दाते असतात, आकड्यांत साल असतं. ऑरियसला यांतलं काहीच नसतं. काठ ओबडधोबड, गोलाई कमीजास्त, चित्र थोडं सरकलेलं. (सालाचा आकडा असलेलं ‘रोमन’ नाणं दिसलं तर पुढे वाचायची गरजच नाही.) पुतळीचा घोटाळाही असाच. पुतळ्यांच्या माळेचं मूळ व्हेनिसच्या डुकाटमध्ये आहे असं मानतात आणि ते नाणं साडेतीन ग्रॅमचं, पातळ पापडासारखं. ज्याचं त्याचं वजन ठरलेलं आहे. नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास ऑरियस ७.३ ग्रॅमच्या आसपास आणला, काराकालाने साडेसहापर्यंत. नीरोचं तोंड आणि साडेआठ ग्रॅम वजन, ही जोडी जमत नाही.

पाण्याची परीक्षा नाण्याला ओरखडा न काढता होते, म्हणून मला ती कसोटीच्या दगडापेक्षा जास्त आवडते. सराफी काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. काटा जे दाखवेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ७.८ ग्रॅमचा ऑरियस ०.४१ च्या जवळपास दाखवेल, गिन्नी ०.४५ च्या आसपास कारण तिच्यात तांबं आहे, आणि तेवढ्याच वजनाचं पितळ ०.९ च्या वर जाईल. पण इथेही धातूच बोलतो. खऱ्या सोन्यातली आधुनिक नक्कल यातून सुटते. तिच्यासाठी भिंग लागतं. ओतीव नाण्याच्या पृष्ठावर बुडबुड्यांचे टिंब, काठावर साच्याची शीव, अक्षरांच्या कडा मेणासारख्या बोथट. ठोकलेल्या नाण्यात धातू बाहेरच्या बाजूला पसरल्याच्या बारीक रेषा दिसतात. आणि तेवढ्यानेही भागत नाही. कार्ल विल्हेल्म बेकर नावाच्या जर्मन माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतः ठसे कोरून सोन्याची प्राचीन नाणी ठोकली. नवी चकाकी जावी म्हणून ती लोखंडाच्या भुशात घालून घोडागाडीतून हिंडवायचा म्हणतात. अशी नक्कल ओळखते ती दुसऱ्या खात्रीच्या नाण्यांशी ठसा ताडून पाहणारी नजर. ती सराफाची नाही. सराफाला त्याबद्दल दोष देणंही बरोबर नाही. त्याचा धंदा वेगळा.

उलटंही घडतं. २०२० साली लंडनमध्ये सीझरच्या वधाचं स्मारक म्हणून ब्रूटसने पाडलेलं सोन्याचं नाणं ३० लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. नाणं अस्सल मानलं गेलं, पण ते कुठून आलं याचे कागद खोटे ठरले आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत द्यावं लागलं. आपल्याकडे तर कायदा जुनाच आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. लपवणाऱ्याचा वाटा जातो, वर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘सरकारात दिलं म्हणजे गेलं’ ही समजूत या कायद्याला धरून नाही. धन बेवारस ठरलं तर तीन चतुर्थांश वाटा ज्याला सापडलं त्याचा, उरलेला जागामालकाचा. सरकारने ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा द्यायचा. म्हणजे गुपचूप विकणारा स्वतःच्या हक्कावर पाणी सोडतो आहे, आणि तो तसं का करतो आहे, हे घेणाऱ्याने विचारावं.

आणि खरोखरच नांगराला काही लागलं, तर धुऊ नये, चिंच-लिंबू लावू नये, दगडावर घासू तर मुळीच नये. राजाच्या गालावरची कसोटीची रेघ पुन्हा भरून येत नाही. जागेचा फोटो घ्यावा, तहसीलला कळवावं. नागपूरच्या अजबबंगल्यातली किंवा नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेतली माणसं असं नाणं वाचू शकतात. नाण्यांबरोबर ज्या मडक्यात ती होती त्याची खापरंही उचलून ठेवावीत. कधी कधी काळ खापर सांगतं.