चुन्याची ट्यूब आणि लेकराचा डोळा

प्रश्न : सासरे तंबाखू खातात. परवा चार वर्षांच्या मुलाने त्यांची चुन्याची ट्यूब दाबली, चुना गालावर उडाला. डोळा थोडक्यात वाचला. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, पुलगाव

उत्तर : नशीब तुमचं. तोंडाशी चुना वाळून घट्ट झालेली ट्यूब पोरं दोन्ही हातांनी, तोंडाजवळ धरून दाबतात. खडा सुटला की आतला चुना पिचकारीसारखा थेट डोळ्यात. चुना हा तीव्र अल्कली. आम्लापेक्षा वाईट, कारण तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरत आत आत जातो.

असं झालंच तर दवाखान्याकडे पळण्याआधी नळाखाली डोळा धरा. पापण्या बोटांनी उघड्या ठेवून निदान अर्धा तास धुवा. वरच्या पापणीखाली अडकलेले कण ओल्या स्वच्छ कापडाने काढा. तूप, दूध, गुलाबपाणी काही नको. लिंबू तर मुळीच नको. मग लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेत्रविभाग आहे.

सासऱ्यांना तंबाखू सोडा म्हटलं तर ते ऐकतील असं वाटत नाही. जुनं चुनाळू मात्र आणून द्या. ते दाबून उडत नाही. ठेवायचं पोराच्या हाताबाहेर, सदऱ्याच्या खिशात नाही.

आणि हो, डोळ्याचाच विषय निघालाय तर, घरी चुलीसाठी पऱ्हाटी रचलेली असेल तर तिच्या काड्यांची टोकं भिंतीकडे करा. काडी लागून डोळा लाल झाला तर मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणू नका; अशा जखमेत बुरशीचा संसर्ग असेल तर तो त्याने भडकतो.