रस्त्यावरच्या धुळीतलं शिसं

प्रश्न : शिसेमुक्त पेट्रोल येऊन इतकी वर्षं झाली, तरी हवेच्या अहवालात शिसं का दिसतं? आकडा कमी असला की निर्धास्त राहावं का?

उत्तर : देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं १ फेब्रुवारी २००० पासून. पण शिसं कुजत नाही. जुनं शिसं रस्त्याकडेच्या मातीत पडून आहे आणि प्रत्येक ट्रकबरोबर ते पुन्हा उडतं. त्यात बॅटऱ्या फोडून वितळवणाऱ्या भट्ट्या, जुन्या रंगाचे पोपडे आणि जळता कचरा भर घालतात. आजच्या गाड्या वेगळे धातू देतात : ब्रेकच्या झिजेतून तांबं आणि अँटिमनी, टायरमधून जस्त. फर्नेस ऑइलच्या धुरात निकेल, व्हॅनेडियम असतं.

आकड्याचं म्हणाल, तर २००९च्या मानकानुसार हवेतल्या शिशाची वार्षिक सरासरी घनमीटरला ०.५ मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. मात्र हे मोजमाप एकूण शिशाचं. ते कोणत्या संयुगात आहे, हे त्यातून कळत नाही आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. मातीतलं शिशाचं कार्बोनेट पोटातल्या आम्लात सहज विरघळतं, सल्फाइड फारसं नाही. क्रोमियमचं तर रूपच सगळं ठरवतं : षट्संयुजी क्रोमियम श्वासातून गेल्यास कर्करोगकारक, त्रिसंयुजी त्यामानाने सौम्य. म्हणून प्रयोगशाळेत तीच धूळ आधी सौम्य, मग तीव्र द्रावणांत टप्प्याटप्प्याने विरघळवून पाहतात.

घरात रांगतं मूल असेल तर कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा, त्याचे हात वारंवार धुवा आणि जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका.